डाळिंबाचं सेटिंग आणि मधमाश्या : पेट्या मागवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोला तालुक्यात तीन एकर भगवा डाळिंब. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरलाय, कळी भरपूर निघाली, पण झाडाखाली लाल सडा पडतोय आणि सेटिंग, म्हणजे फळधारणा, म्हणावं तसं नाही. बागेत पूर्वीसारख्या माश्या दिसत नाहीत. मग मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणाव्यात का? तोवर गुळाचं पाणी फवारलं तर चालेल का? आणि माश्या गेल्या त्या मोबाईल टॉवरमुळे का?

शेतशिवारातले परागीभवन करणारे कीटक हाच माझ्या अभ्यासाचा विषय आहे आणि त्यातलं बरंचसं काम सोलापूर जिल्ह्यातच झालंय. त्यामुळे उत्तर लांबेल. पण पहिली गोष्ट आधी सांगतो : पेटीवाल्याला आज इसार देऊ नका. तुमच्या बागेत परागीभवन खरंच कमी पडतंय का, हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते घरच्या घरी मोजता येतं. बहुतेक बागांमध्ये मोजल्यावर जी अडचण निघते ती पेटीने सुटणारी नसते.

सुरुवात त्या लाल सड्यापासूनच करा. सकाळी चार-पाच झाडांखालची गळलेली फुलं एका घमेल्यात गोळा करा आणि दोन ढीग लावा. बुडाशी निमुळतं, घंटेसारखं, आतला मादी भाग खुरटलेला, ही नर कळी. बुडाशी फुगीर, सुरईच्या घाटाची आणि मधली कुक्षी (पराग जिथे पडतात ते मादी भागाचं टोक) वर आलेली, ही आपण जिला मादी कळी म्हणतो ती. खरं तर ती द्विलिंगी असते, तिच्यात परागही असतात. काही कळ्या दोन्हींच्या मधल्या निघतील, त्यांचा वेगळा ढीग ठेवा. नर कळी गळणारच, ती फळासाठी नसतेच. डाळिंबात नर कळ्यांचं प्रमाण निसर्गतःच मोठं असतं. बहाराआधी पाणी तोडून दिलेला ताण नीट बसला नाही, नत्र जास्त झालं, झाडात अन्नसाठा कमी असला की ते आणखी वाढतं. घमेल्यात नव्वद टक्के नर कळी निघाली तर तुमचा प्रश्न माश्यांचा नाही, बहार व्यवस्थापनाचा आहे. त्यासाठी सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांशी बोला. सुरईसारखी फुलंच ढिगाने गळालेली दिसली, तर मात्र पुढचं वाचा.

डाळिंबाला स्वतःच्या परागानेही फळ धरतं. म्हणजे कीटक आला नाही तर फळच नाही, असं कलिंगडासारखं इथे होत नाही. पण भगव्यातला प्रत्येक दाणा म्हणजे एक बी आहे. ते बी धरायला एक परागकण कुक्षीवर पडून आत बीजांडापर्यंत पोचावा लागतो. एका फळात शेकडो दाणे. वाऱ्याने किंवा फूल हलून थोडे परागकण पडले तर फळ धरेल, पण ते लहान राहील, एका अंगाला बसकं होईल, नाहीतर गाठ धरल्यावर थोड्याच दिवसांत गळेल. माशी फुलात शिरून लोळते, तेव्हा कुक्षीवर परागांचा थर बसतो, त्यात दुसऱ्या झाडाचेही पराग असतात. म्हणून माश्यांचा हिशेब फळांच्या संख्येइतकाच वजनात आणि आकारात दिसतो, आणि तुमची ग्रेडिंग तिथेच ठरते.

आता मोजणी. दहा झाडं निवडा, बांधाकडची आणि मधली अशी मिसळून. प्रत्येक झाडावर साधारण एकाच उंचीवरच्या, उद्या-परवा उमलतील अशा नऊ मादी कळ्या निवडा आणि तीन रंगांचे दोरे बांधा. पहिल्या तिघींवर जाळीची पिशवी घाला. लग्नात खडीसाखर-बदाम घालून देतात तसल्या झिरझिरीत पोटल्या बाजारात स्वस्त मिळतात, त्या उत्तम. दुसऱ्या तिघींना काही करायचं नाही. तिसऱ्या तिघी उमलल्या की सकाळी दुसऱ्या झाडावरचं ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि त्याचे पिवळे पुंकेसर या फुलाच्या कुक्षीवर अलगद घासायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. पाकळ्या गळाल्या की पोटल्या काढून टाका. उगाच आत उष्मा धरतो. दोन-तीन आठवड्यांनी तिन्ही रंगांत किती फळं टिकली ते मोजा. दहा झाडांवर प्रत्येक रंगाची तीस फुलं होतात, कल यायला तेवढी पुरतात.

वाचायचं असं. हाताने पराग दिलेल्या फुलांत सेटिंग उघड्या फुलांपेक्षा ठळकपणे जास्त आलं, तर परागीभवन कमी पडतंय आणि कीटक वाढवण्यात अर्थ आहे. दोन्हींत सारखंच आलं आणि दोन्हीकडे कमी आलं, तर शंभर पेट्या आणल्या तरी फरक पडणार नाही. झाड पाण्याला, अन्नद्रव्याला किंवा रोगाला अडलंय. उघडी फुलं आणि पोटलीतली फुलं सारखीच निघाली, तर बागेत कीटक येत नाहीयेत किंवा येऊन काम करत नाहीयेत. हा तिसरा निकाल आला की मी आधी फवारणीची वही मागतो.

मोजणी चालू असतानाच एक सोपं काम करा : बसून बघा. सकाळी आठला, साडेदहाला आणि दुपारी चारनंतर, प्रत्येक वेळी एका फांदीसमोर दहा मिनिटं. कोण आलं, किती फुलांवर गेलं, आणि कुक्षीला अंग लागलं का, एवढंच लिहा. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फुलावर बसणारा प्रत्येक जण परागीभवन करत नाही. मुंग्या रस पितात, शिंजीर चोच घालतो, काही माश्या बाहेरून पुंकेसरांचे पराग खरवडून नेतात आणि कुक्षीला शिवतही नाहीत.

आपल्या भागात कोण दिसेल? सगळ्यात जास्त बहुधा फुलोरी. पिटुकली, पोटावर लालसर-पांढरे पट्टे, एकच तळहाताएवढं पोळं बोरीच्या झुडपात, कुंपणात, कधी डाळिंबाच्या झाडातच लावणारी. मुंग्या चढू नयेत म्हणून ती फांदीला डिंकाचं चिकट कडं करून ठेवते. सोलापूरचं ऊन तिला सोसतं. पण ती लांब जात नाही, पोळ्यापासून काहीशे मीटरचा तिचा वावर. म्हणून ते पोळं तुमच्या बांधावर आहे की नाही याला फार किंमत आहे. छाटणीच्या वेळी मजूर ते पोळं धूर देऊन काढतात, मूठभर मधासाठी. ते थांबवा, हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

आग्या तुम्हाला माहीत आहेच. वडावर, पुलाखाली, गावच्या पाण्याच्या टाकीला लटकलेली. ती कित्येक किलोमीटरवरून येते, तिच्या ताकदीला तोड नाही. पण ती फिरस्ती आहे, हंगाम सरला की अख्खी वसाहत दूरवर निघून जाते. त्यामुळे तिच्या भरवशावर बहार धरता येत नाही. सातेरी, जी पेटीत पाळता येते ती देशी माशी, सह्याद्रीच्या अंगाला जास्त. आपल्या माळावर तुरळकच. त्यांच्याशिवाय डंख नसलेली बारीक काळी माशी भिंतीच्या फटीत राहते, ती डाळिंबावर चांगलं काम करते.

आणि मग ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं त्या एकट्या राहणाऱ्या माश्या. यांना पोळं नसतं, राणी नसते, मध साठवत नाहीत. एक मादी एक बीळ करते, त्यात परागाचा गोळा ठेवून अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणारी पानकापी माशी याच गटातली, तुरीच्या फुलाची घट्ट पाकळी उघडायचं कसब तिच्यात आहे. लाकडात भोक पाडणारा मोठा काळा भुंगा याच गटातला. निळ्या पट्ट्यांची, एका जागी स्थिर राहून गुणगुणणारी माशीही त्यातलीच. ही आणि भुंगा दोघंही फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. वांगी-टोमॅटोच्या फुलात पराग नळीत बंद असतात, ते असे थरथरवूनच निघतात. पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही.

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातल्या ४१ पीक-पद्धतींचा एकत्रित अभ्यास आला. त्यात जंगली कीटकांच्या भेटी वाढल्या तिथे फळधारणा वाढलेली सगळीकडे दिसली. मधमाश्यांच्या भेटींनी ठळक वाढ मात्र थोड्याच ठिकाणी, साधारण सातातल्या एका ठिकाणी दिसली. पेट्या निरुपयोगी आहेत असा त्याचा अर्थ नाही. पेटीतली माशी जंगली माश्यांची जागा भरून काढत नाही, ती त्यांच्या कामात भर घालते. जिथे बांधावरचे कामगार आधीच आहेत तिथे पेटी त्यांच्या जोडीला चालते. जिथे कोणीच नाही तिथे पेटीतल्याही टिकत नाहीत, कारण ज्या गोष्टीने पहिल्या मेल्या तीच दुसऱ्यांनाही लागते.

आता तुमच्याकडे माश्या कमी का? माझ्या मते याचं मोठं कारण उपासमार आहे, आणि ती बहाराच्या महिन्यांत होत नाही, त्याच्या आधी होते. आपल्या जिल्ह्याचं वर्ष माशीच्या बाजूने बघा. पाऊस इथे सप्टेंबरात जोर धरतो. तेव्हापासून माळावर, बांधावर तरोटा, कुरडू, एकदांडी, रानतीळ फुलतात, बोरीला मोहर येतो, मागोमाग तूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिवारात सर्वांत जास्त माश्या. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी निसवते. ज्वारीला माशीची गरज नाही, वाऱ्यावर तिचं भागतं. पण सकाळच्या गारव्यात मालदांडीच्या कणसावर बसून माश्या पिशव्या भरभरून पराग नेतात, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हे कोणीही बघू शकतं. मग करडई, धने, कांद्याचे बियाण्याचे गोंडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, शेवगा, आंबा. त्यानंतर कडुलिंब आणि करंज. मे सरता सरता चिंच. आणि त्यापुढे पाऊस लागून रान हिरवं होईपर्यंत, म्हणजे नेमका तुमच्या मृग बहाराच्या तोंडावर, काही नाही.

तुमच्या बागेला जुलैत माश्या हव्यात, पण त्या माश्यांना जूनमध्ये खायला मिळालेलं नाही. वसाहती आक्रसलेल्या असतात, एकट्या माश्यांची नवी पिढी अजून बिळातून बाहेर यायची असते. हस्त बहारात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्यात, हीच अडचण कमी दिसते, कारण तेव्हा शिवार माश्यांनी भरलेलं असतं. मी तुम्हाला बहार बदला म्हणत नाही. तो निर्णय पाणी, तेल्या रोग आणि बाजार बघून होतो, आणि तसाच व्हावा. पण मृग धरणाऱ्याने उन्हाळ्यातल्या फुलांची सोय बघितली पाहिजे, हे त्यातून निघतं.

पूर्वी ही सोय आपोआप होत होती. बांध रुंद होते, त्यावर बाभूळ, बोर, हिवर, करंज, निंब होते; रब्बीत करडईचे पट्टे होते. उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. त्यात शेतकऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ज्याला पाणी मिळालं त्याने ऊस लावला. पण माशीच्या दृष्टीने उसाचं रान म्हणजे हिरवं वाळवंट. कांडी लावून ऊस येतो, तुरा यायच्या आत तोडायचा असतो, माशीला त्यात काही नाही. सलग उसाच्या गावात आणि माळ-बांध शिल्लक असलेल्या गावात एकाच आठवड्यात फिरलं की फरक मोजपट्टीशिवाय कळतो. नान्नजचा गवताळ माळ आपण माळढोकासाठी ओळखतो, पण पावसाळ्याअखेर तिथल्या रानफुलांवर एकट्या माश्यांची जी गर्दी असते ती आजूबाजूच्या कोरडवाहू शिवारालाही उपयोगी पडते. करडईचं क्षेत्र घटलं त्याचं मला जास्त वाईट वाटतं. सोलापूरच्या संशोधन केंद्राने या पिकाचे चांगले वाण दिले. पण काटेरी पीक, काढणीला मजूर मिळत नाही, भाव नाही. सूर्यफुलाचंही तेच, त्यात नेक्रोसिस रोगाने भर घातली.

खाण्याइतकंच राहण्याचं. एकट्या राहणाऱ्या माश्यांच्या बहुसंख्य जाती जमिनीत बीळ करतात. त्यांना नांगर-रोटाव्हेटर न लागलेली, उघडी, निचऱ्याची जागा लागते, म्हणजे बांध, मुरमाड चढ, ओढ्याचा काठ. जेसीबी लावून बांध कोरला की वर्षभराची वसाहत एका सकाळी संपते. बांधावर तणनाशक मारणं त्याच्या खालोखाल. भुंग्याला वाळकं लाकूड लागतं. केतकीचा सुकलेला दांडा, गोठ्याची जुनी मेढ, बांबू. ते जाळून टाकू नका.

पण “बांध राखा” म्हणजे “गाजर गवत माजू द्या” असं नाही. गाजर गवतावर फुलकिडे पोसले जातात. सूर्यफुलावरच्या नेक्रोसिसचा विषाणू गाजर गवताच्या परागावरून फुलकिड्यांच्या मार्फतच पसरतो. ते फुलायच्या आत उपटलेलं बरं. बागेच्या आत, झाडांच्या ओळींत, बहाराच्या काळात फुलणारं तण कापून ठेवा, नाहीतर माशी तिकडेच रमते. फुलं हवीत ती कडेला, आणि बहार नसतानाच्या महिन्यांत.

आता फवारणी. यावर मी जरा थांबणार आहे, कारण डाळिंबातला खरा तिढा इथे आहे. फुलोऱ्यात फुलकिडे येतात, त्यांनी फळावर खरड केली की एक्स्पोर्टचा माल लोकलला जातो. म्हणून ऐन फुलात कीटकनाशक पडतं. “फुलोऱ्यात फवारूच नका” असा सल्ला देणाऱ्याने बाग लावलेली नसते. पण काय, कधी आणि कशात मिसळून, हे तुमच्या हातात आहे.

कधी, हे सगळ्यात सोपं. सूर्य मावळल्यावर. माश्या परतलेल्या असतात आणि सकाळपर्यंत द्रावण सुकलेलं असतं. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असताना माशीला अत्यंत घातक, पण सुकल्यावर त्याचा धोका बराच उतरतो. म्हणजे तेच औषध सकाळी नऊला मारणं आणि संध्याकाळी सातला मारणं यात माशीच्या जीवन-मरणाचं अंतर आहे. पायरेथ्रॉइड आणि फिप्रोनिल यांचं तसं नाही, ती सुकूनही मारतात. फुलोऱ्यात ती नकोतच. निंबोळी-आधारित औषधं त्यामानाने सौम्य.

कशात मिसळून, हे लोक विसरतात. तेल्या, बुरशी, फुलकिडे, टॉनिक, सगळं एकाच टाकीत कालवून ब्लोअर फिरवायची सवय लागलीय. प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक एकटं माशीला फारसं बाधत नाही. पण माशीच्या शरीरात विष पचवणारी जी यंत्रणा असते ती त्याने मंदावते, आणि सोबत पायरेथ्रॉइड असेल तर त्याची धार कितीतरी वाढते. त्यामुळे बुरशीनाशक वेगळं, कीटकनाशक वेगळं.

तिसरी गोष्ट ड्रेंचिंग. खोडकिडा आणि मर रोगाच्या धास्तीने खोडाशी थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड ओतलं जातं. ही आंतरप्रवाही औषधं आहेत. मुळातून वर चढतात आणि फुलातल्या परागात, रसात थोडी उतरतात. फवारणीच नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि माशी रोज थोडं थोडं विष नेतेय. यात माशी झाडाखाली मरून पडलेली दिसत नाही. २०१२ साली फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर बारीक इलेक्ट्रॉनिक चिप चिकटवून प्रयोग झाला. थायमेथोक्झामचा जीव न घेणारा अल्प डोस दिलेल्या माश्यांपैकी पुष्कळ जणी पेटीपर्यंत परतल्याच नाहीत, वाट चुकून गेल्या. “माश्या मेलेल्या तर दिसत नाहीत, मग गेल्या कुठे” या प्रश्नाचं एक उत्तर हे आहे. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर २०१८ साली बंदी घातली. आपल्याकडे ती नाही, आणि खोडकिड्याने झाडं जाताना बघत बसा असं मीही म्हणणार नाही. पण ड्रेंचिंग बहार संपल्यावर, विश्रांतीच्या काळात बसवता येतं का ते बघा. बहुतेकदा येतं.

हे सगळं करूनही मोजणीत तूट दिसली, तर पेट्या जरूर आणा. भाड्याने मिळतात त्या बहुधा मेलिफेरा, म्हणजे इटालियन माशीच्या. पेटीवाल्याशी बोलताना काही गोष्टी पक्क्या करा. पेटी बागेत फुलोरा सुरू झाल्यावर यावी, साधारण दहा टक्के कळी उमलली की. आधी आणली तर माशी आजूबाजूच्या दुसऱ्या फुलांना लागते आणि मग डाळिंबाकडे वळायला कुरकुरते. पेटी उघडून दाखवायला सांगा : चौकटींवर दोन्ही बाजूंनी माश्या भरलेल्या, आत अंडी-अळ्या असलेल्या हव्यात. वाढत्या पिलांसाठीच माशी पराग गोळा करते. पिलावळ नसलेली पेटी म्हणजे नुसता मध खाणारी फौज, ती तुमच्या कामाची नाही. सावली आणि पाणी तुमच्याकडे. पाणी उथळ भांड्यात, खडे घालून, पेटीपासून थोडं दूर. औषधाच्या टाकीशेजारी गळणारं पाणी माश्या पितात, ते बंद करा. सूर्यफुलासाठी हेक्टरी पाच पेट्यांची सर्वसाधारण शिफारस आहे. डाळिंबात तुमच्या तीन एकरांना पाच-सहा चांगल्या पेट्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही. आणि कोणत्या रात्री काय फवारणार हे पेटीवाल्याला आधी सांगायचं, शेजाऱ्यालाही सांगायला लावायचं. माशी दोन-तीन किलोमीटर जाते, तिला सातबारा कळत नाही.

बाहेरून आलेल्या पेटीबरोबर रोगही येतो, हे लक्षात असू द्या. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या. आजारी, दुर्गंधी येणारी, अळ्या सुकलेली पेटी दिसली तर भाडं बुडालं तरी चालेल, परत पाठवा. कायमच्या पेट्या ठेवायच्या विचारात असाल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकून या. यूट्यूबवर शिकून पेटी घेतलेल्यांच्या रिकाम्या पेट्या मी बऱ्याच गोठ्यांत पाहिल्यात.

गुळाचं पाणी : नको. माशी गोडावर येते हे खरं, पण ती पानावरचा गूळ चाटते आणि जाते. फुलात शिरायचं तिला कारणच उरत नाही. वर मुंग्या आणि काळी बुरशी. बाजारात मिळणाऱ्या आकर्षक द्रावणांचाही उपयोग तेवढाच, आसपास माश्या असतील तर थोड्या ओढल्या जातील. नसतील तर कोणाला ओढणार?

मोबाईल टॉवर : यावर प्रयोग झालेत, पण विष, उपासमार आणि रोग यांच्याइतका भक्कम पुरावा टॉवरविरुद्ध नाही. टॉवर दिसतो, ड्रेंचिंग दिसत नाही, म्हणून दोष टॉवरला जातो असं माझं मत आहे.

शेजारच्यांनीही विचारलंय म्हणून घाईत : द्राक्षाला माशी लागत नाही. बोरीला मधमाशीपेक्षा घरमाशीसारख्या साध्या माश्या आणि सिरफिड माश्या (मधमाशीसारख्या दिसणाऱ्या, फुलांवर घिरट्या घालणाऱ्या) जास्त उपयोगी. सिरफिडच्या अळ्या मावाही खातात. सीताफळाचं फूल आधी मादी आणि नंतर नर असतं, त्याचं काम बारीक भुंगेरे करतात, पेटी आणून काही होत नाही; तिथे ब्रशने हातपरागीभवन हाच खात्रीचा मार्ग. कांद्याचं बियाणं करणाऱ्याला मात्र माशी लागतेच, कारण एकाच फुलाचे पराग आधी झडतात आणि कुक्षी मागून तयार होते. कांदा बियाण्याच्या प्लॉटवर फुलोऱ्यात औषध मारणाऱ्याने बियाण्याचं वजन कमी भरलं म्हणून हवामानाला बोलू नये.

पुढच्या मृगासाठी आत्ताच करण्यासारखं एक काम आहे. पावसात बांधावर करंज, शेवगा, कढीपत्ता आणि निंब लावा. शेवगा आणि कढीपत्ता लवकर फुलावर येतात, करंज-निंबाला वर्षं लागतात. ठिबकची एक नळी तिकडे वळवली तर उन्हाळ्यात जगतील. जूनच्या पोकळीसाठी एप्रिलच्या शेवटी ठिबकच्या कडेला सूर्यफुलाची एक-दोन तासं टाका, औषधाशिवाय. दोन महिन्यांत ती फुलावर येतात, म्हणजे बहाराच्या अगदी आधी. डाळिंब उमलायला लागलं की ती कापून जनावरांना घाला.

मोजणीचा निकाल कळवाल तेव्हा तिन्ही रंगांच्या दोऱ्यांवर टिकलेली फळं, घमेल्यातल्या नर-मादी कळ्यांचं प्रमाण, आणि पानगळीपासून आजपर्यंतच्या सगळ्या फवारण्या व ड्रेंचिंगची तारखांसह यादी पाठवा. यादीत टॉनिकंही लिहा, डब्यावरचं बारीक अक्षरातलं नाव बघून.